विडीवाल्या बाईच्या पदराआड लपलेला कारखानदार

आर. आर. पाटील, म्हणजे महाराष्ट्राचे आबा, 16 फेब्रुवारी 2015 रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले. तंबाखूने आपला घात केला हे त्यांनी स्वतःच कबूल केले होते. त्यांच्या अंत्यदर्शनाला सर्व पक्षांचे पुढारी रांगेत उभे होते, डोळे पुसत होते. त्यानंतर दीड महिनाही लोटला नाही तोच याच महाराष्ट्राचा एक खासदार दिल्लीत म्हणाला की, तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारा एकही भारतीय अभ्यास नाही, जे अभ्यास आहेत ते सारे परदेशातले आहेत! हे खासदार म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरचे, आताच्या अहिल्यानगरचे, भाजपचे दिलीप गांधी. ते काही साधे मागच्या बाकावरचे सदस्य म्हणून बोलत नव्हते. सरकारने कायद्याखाली काढलेले नियम तपासणाऱ्या लोकसभेच्या समितीचे ते अध्यक्ष होते. तंबाखूच्या वेष्टनाचा 85 टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापलेला असावा, हा नियम आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर 2014 मध्ये काढला होता आणि 1 एप्रिल 2015 पासून तो लागू व्हायचा होता. समितीने 'थांबा' म्हटले, आणि मार्चच्या अखेरीस सरकार थांबले.

याच समितीवर आणखी एक सदस्य होते. अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता. हे गृहस्थ स्वतः विडीचे मोठे कारखानदार. चेन स्मोकर असूनही ज्यांना काही झाले नाही अशी माणसे मी उभी करतो, अशा आशयाचे विधान त्यांनी त्या काळात केले होते. साखर आणि तांदूळ खाल्ल्याने मधुमेह होतो, मग त्यावर चेतावणी का नाही, असाही त्यांचा सवाल होता. म्हणजे ज्याच्या मालावर नियम लावायचा, तोच नियम तपासणाऱ्यांच्या पंक्तीला बसलेला! बोकड कापायचा की नाही हे खाटकालाच विचारायचे, असा हा प्रकार. ज्याचा एखाद्या विषयात पैशाचा हितसंबंध आहे त्याच्या समितीवरील निवडीला हरकत घेता येते, असा नियम लोकसभेच्या कार्यपद्धतीत आहे. राज्यसभेत तर सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवहीही ठेवली जाते. पण नियम पुस्तकात असला तरी हरकत घ्यायला कोणी तरी उठावे लागते.

गांधी आणि गुप्ता दोघेही 2021 साली वारले. मृत माणसांशी आमचे वैर नाही. ते दोघे वाईट होते म्हणून हे घडले, एवढे हे सोपे असते तर आम्ही शाई खर्ची घातली नसती. त्यांच्या जागी दुसरे असते तरी हेच घडले असते, आणि त्यांच्या आधी दुसरे होते तेव्हाही हेच घडले होते.

ते कसे, हे पाहू. सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा 2003 साली झाला. चित्रमय इशाऱ्याचे नियम 2006 साली निघाले. तेव्हा केंद्रात काँग्रेस आघाडीचे सरकार होते आणि आरोग्यमंत्री अंबुमणी रामदोस तंबाखूविरुद्ध कंबर कसून उभे होते. पण नियमांची तारीख एकदा पुढे गेली, पुन्हा गेली, मग पुन्हा गेली. विषय मंत्रिगटाकडे सोपवण्यात आला. मंत्रिगटाचे प्रमुख प्रणव मुखर्जी. प्रणवबाबू 2004 साली लोकसभेवर निवडून आले ते जंगीपूरमधून, आणि जंगीपूर येते मुर्शिदाबाद जिल्ह्यात, जिथे घराघरात विडी वळली जाते आणि जिथले विडीमालक निवडणुकीत वजन राखून असतात. हा योगायोग म्हणायचा असेल त्याने खुशाल म्हणावा. कवटी आणि हाडांचे चिन्ह सक्तीचे होते, ते कायदा बदलून वगळण्यात आले. अखेर 31 मे 2009 रोजी नियम लागू झाले तेव्हा वेष्टनाच्या फक्त पुढच्या बाजूला, तेही 40 टक्के जागेत, फुप्फुसाची फिकट छबी आणि खाण्याच्या तंबाखूवर एक विंचू आला. विंचवाचा आणि तंबाखूचा संबंध काय, हे खेड्यातल्या माणसाला कोणी सांगितलेच नाही. काहींना तो कंपनीचा छापच वाटला असेल तर नवल नाही!

काँग्रेस असो की भाजप, खुर्चीवरचा माणूस बदलला तरी विडीमालकाची बैठक हलली नाही. आमच्या गोंदियात तर विडी आणि राजकारण एकाच वाड्यात नांदले. मनोहरभाई पटेल विडीचे व्यापारी, शिक्षणसंस्थेचे संस्थापक आणि आमदारही. त्यांचे पुत्र प्रफुल्ल पटेल केंद्रात मंत्री झाले. त्यांच्या पक्षाचे तेव्हाचे सर्वेसर्वा शरद पवार यांच्यावर 2004 साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून ते तंबाखूविरुद्ध जाहीरपणे बोलत आले. एकाच पक्षाच्या एका बाजूला कर्करोगाने शहाणा झालेला नेता, दुसऱ्या बाजूला तंबाखूवर उभे राहिलेले घराणे. पक्ष मोडला तो वेगळ्या कारणांनी, या कारणाने कधीच नाही.

आता गांधींच्या त्या विधानातल्या दुसऱ्या भागाकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगड, आंध्र अशा राज्यांत चार कोटी माणसे विडी आणि तेंदूपत्त्यावर जगतात, त्यांचे काय, असे ते विचारत होते. चार कोटी! सरकारी दप्तरात नोंदलेले विडी कामगार आहेत सुमारे 50 लाख. तेंदूपत्ता तोडणारे धरा, त्यांची कुटुंबे धरा, आकडा वाढेल हे मान्य. पण आम्ही वर्षानुवर्षे एक गोष्ट पाहत आलो आहोत. विडीवर निर्बंध यायचा असला की कामगारांचा आकडा कोटींत जातो. आणि भविष्य निर्वाह निधी भरायची, ओळखपत्रावर सही करायची, बाळंतपणाची रजा द्यायची वेळ आली की तोच आकडा असा आक्रसतो की कारखान्याच्या हजेरीवर दहा-वीस नावेसुद्धा सापडत नाहीत. मालक म्हणतो, या बाया माझ्या नाहीत, सट्टेदाराच्या आहेत. सट्टेदार म्हणतो, मी कुठला मालक, मीच कमिशनवर. एकाच बाईला दिल्लीत दाखवायचे असते तेव्हा ती मालकाची लाडकी कामगार, आणि तिने हक्क मागितला की ती कोणाचीच नाही.

ही बाई कोण, हे या पत्राच्या वाचकाला सांगायला नको. सोलापुरात ती तेलुगू बोलणारी पद्मशाली आहे, सिन्नर-संगमनेरला आणखी कोणी. पण नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ती आमच्या वस्तीतली आहे. आमच्याकडे विडी न म्हणता बिडीच म्हणतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने, तंबाखू, दोऱ्याचे रीळ, आणि घरात तंबाखूचा असा वास की बाहेरच्याला ठसका लागावा. पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, भरायचे, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या वळल्या की दिवस संपला, आणि बऱ्याच जणींचे हजार होतच नाहीत. संध्याकाळी माल घेऊन गेल्यावर मुनीम ओंजळच्या ओंजळ 'खराब' म्हणून बाजूला काढतो. त्याची मजुरी मिळत नाही. पण त्या 'खराब' विड्या काही चुलीत जात नाहीत, त्या बाजारातच जातात. पान कमी पडले तर तिने पदरच्या पैशाने विकत आणून भरपाई करायची. असा हा 'रोजगार', ज्याच्या रक्षणासाठी खासदार कळवळतात.

2015 साली आमच्याकडेही सहीसाठी एक निवेदन आले होते. 'विडी कामगारांच्या वतीने' असे वर लिहिलेले, स्वच्छ टाइप केलेले, मंत्र्यांच्या पदनामांची कुठे चूक नसलेले. खाली दोन पानभर बायांचे अंगठे. 85 टक्के चित्र आले की विडीच्या बंडलावर कारखान्याचे नाव छापायला जागा उरणार नाही, विक्री बसेल, आम्ही उपाशी मरू, असा मजकूर. घेऊन आला होता तो आपल्याच चळवळीतला, एका गटाचा जिल्ह्याचा पदाधिकारी. आम्ही त्याला विचारले, यात मजुरीची मागणी कुठे आहे? पीएफ कुठे आहे? खराब मालाच्या लुटीबद्दल एक ओळ कुठे आहे? तो म्हणाला, 'साहेब, ते नंतर पाहू. आता आधी धंदा वाचू द्या.' निवेदन कोणी टाइप करून दिले, हे विचारायची गरज उरली नाही. आम्ही सही केली नाही. पण इतरांनी केल्या, आणि त्यांत आमच्या ओळखीची नावे होती, हे लपवून काय उपयोग?

चित्राने विक्री बसेल ही मालकाची भीती खोटी नव्हती. चित्राचा परिणाम होतो म्हणूनच मालक भितो. परिणाम होणार नसता तर तो दिल्लीला कशाला गेला असता? आणि विडी ओढतो कोण? 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार या देशातल्या 7.7 टक्के प्रौढांच्या ओठांत विडी आहे, तर सिगारेट 4 टक्क्यांच्या. हमाल, रिक्षावाला, गवंडी, शेतमजूर, सफाई कामगार. बायको विडी वळते आणि नवरा विडी ओढतो, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. दोघांच्याही छातीत एकच धूळ. परदेशी अभ्यासाची गोष्ट काढणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही की, 2008 साली जो मोठा अभ्यास जगापुढे आला तो भारतातल्याच घराघरात जाऊन, भारतातलेच मृत्यू मोजून केलेला होता. विडी ओढणारा पुरुष सरासरी सहा वर्षे आधी आणि विडी ओढणारी बाई आठ वर्षे आधी मरते, असे त्यातून निघाले. आता कोणत्या देशाचा पुरावा हवा?

नियमाचे पुढे काय झाले ते थोडक्यात. राजस्थान उच्च न्यायालयाने 2015 मध्ये सरकारला टोचणी दिली, आणि समितीने आकार कमी करण्याची शिफारस केली असतानाही 1 एप्रिल 2016 पासून 85 टक्के चित्र लागू झाले. सिगारेट कंपन्यांनी उत्पादन बंद करून पाहिले. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये नियम रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली, आणि चित्र बंडलावर राहिले. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्यांनी जे अडवले, ते न्यायालयात जाणाऱ्या मूठभर कार्यकर्त्यांनी आणि डॉक्टरांनी सोडवले. ही गोष्ट लोकशाहीसाठी अभिमानाची नाही.

पण चित्रापेक्षाही कराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हजार विड्यांमागे पाच रुपये उपकर मालकाकडून घेतला जाई. एका विडीमागे अर्धा पैसा! त्यातून 1976 च्या कायद्याने विडी कामगार कल्याण निधी उभा राहिला होता. दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलांचे अनुदान त्यातून निघे. आमच्या वस्त्यांतली कित्येक मुले या शिष्यवृत्तीवर शाळेत टिकली. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. निधी आता सरकारच्या मर्जीच्या अनुदानावर. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट-गुटख्याला 40 टक्क्यांच्या खान्यात टाकले, आणि विडीला मात्र 28 वरून 18 वर उतरवले. तेंदूपत्त्यावरचा कर 18 वरून 5 वर आणला. बिहारची निवडणूक तेव्हा दोन महिन्यांवर होती आणि बिहारात विडी वळणारे हात थोडे नाहीत. एका विरोधी पक्षाच्या केरळ शाखेने विडी आणि बिहार यांची सांगड घालून थट्टा केली आणि ती त्यांच्याच अंगलट आली. थट्टा व्हायला नको होती, कारण बिहारी मजूर हा थट्टेचा विषय नाही. पण त्या गदारोळात मूळ प्रश्न हरवला. करात दहा टक्के सूट मिळाली, तर त्यातला एक टक्का तरी वळणाऱ्या बाईच्या मजुरीत घाला, अशी अट कोणी घातली का? नाही. सूट कामगाराच्या नावाने मागायची आणि मालकाच्या गल्ल्यात टाकायची.

आणि ज्या कायद्याने या बाईला कामगार म्हणून ओळख दिली, तो 1966 चा विडी व सिगार कामगार कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहितेत विरघळवून टाकण्यात आला. मुनीम किती माल नाकारू शकतो याला मर्यादा घालणारे नियम त्या जुन्या कायद्याच्या आधाराने उभे होते. तेव्हा 'विडी कामगारांचे काय होणार' हा टाहो आमच्या तरी कानी आला नाही. चित्र मोठे झाले तेव्हा जे चार कोटी आठवले होते, ते कायदा गेला तेव्हा कुठे गेले?

बाबासाहेबांनी 1947 साली संविधान सभेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन लिहिले. उद्योगात राज्याने हस्तक्षेप करू नये, त्यामुळे स्वातंत्र्य टिकते, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी त्यात विचारले आहे की, हे स्वातंत्र्य कोणाला आणि कशासाठी? राज्याने हात काढून घेतला की मजुराला मोकळीक मिळत नाही, मालकाची हुकूमशाही मोकळी होते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. आज उद्योगपतींच्या सभांत 'नियमनाचा जाच' हा शब्द ऐकला की आम्हाला ती पाने आठवतात. बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच्या काळात रेगे समितीने देशातल्या कामगारांची चौकशी केली, तिच्या कक्षेत विडी उद्योगही होता. मालकाचा धंदा कसा चालेल हा त्या चौकशीचा विषय नव्हता. कामगार कसा जगतो, हा होता.

साखरेत हेच आहे, वाळूत हेच आहे, दारूत हेच आहे. ज्यांचे कारखाने तेच उसाचा भाव ठरवायला बसतात. पण त्या विषयांवर आम्ही वेळोवेळी लिहिले आहे. विडीवर लिहायचे ते यासाठी की, इथे ढाल म्हणून आमच्याच बाया पुढे उभ्या केल्या जातात आणि आपल्यापैकी काही जण ती ढाल मालकाच्या हाती देतात.

आमच्यातले काही विचारवंत दुसऱ्या टोकाला जातात. ते म्हणतात, विडी वाईट, बंद करा, प्रश्न मिटला. ज्यांची चूल त्यावर पेटते त्यांच्या घरी एकदा तरी जाऊन हे बोलून पाहावे. बंदी आली आणि पर्याय आला नाही तर बाई धुणीभांडी किंवा वीटभट्टी याच दोन रस्त्यांवर जाईल. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 साली आली, टपरीवर आजही पुडी मिळते. बंदीचा कागद आणि बंदीचा धंदा वेगवेगळे चालतात हे आम्हाला कळते.

मग मार्ग आहे की नाही? आहे, आणि तो या देशात एकदा चालूनही दाखवला गेला आहे. केरळात 1966 चा कायदा अमलात आणायची वेळ आली तेव्हा मंगळूरचे मोठे विडीमालक कण्णूरमधले काम बंद करून निघून गेले. हजारो कामगार रस्त्यावर आले. तेव्हा 1969 साली 'दिनेश विडी' ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. ऐन भरात तिच्यात चाळीस हजारांहून अधिक कामगार होते. कायद्याप्रमाणे मजुरी, पीएफ, रजा देऊनही धंदा चालतो, हे तिने दाखवले. पुढे विडीचा खप उतरू लागला तेव्हा तिने खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे या उद्योगांकडे पावले वळवली. तेलंगणात सरकारने विडी कामगारांना 2015 पासून महिना हजार रुपये, पुढे 2016 रुपये निर्वाहवेतन दिले. पुढारी मालकाचेच ऐकतात असे नाही. कामगार बाया एकत्र मते टाकतात हे दिसले की त्यांचेही ऐकतात.

आणि केरळ-तेलंगणाकडे पाहण्याआधी आपल्या कामठीकडे का पाहू नये? ज्या बाबू हरदासांनी आपल्याला 'जयभीम' दिला, ते विडी कामगारांचे पुढारी होते. कामठीच्या दलित वस्तीत जन्मलेला हा माणूस 1937 साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेला. विडी कंत्राटदारांच्या लुटीतून माणसे सोडवण्यासाठी त्यांनी रामटेक, नागपूर, कामठी, गोंदिया इथे सहकारी तत्त्वावर विडीचे काम सुरू केले. मालकाचे निवेदन घेऊन ते कोणाच्या दारी गेले नाहीत. 12 जानेवारी 1939 रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला. जयभीम आपण घेतला, दिवसातून दहादा म्हणतो. त्यांची विडी कामगार संघटना मात्र आपण मालकाच्या दारात सोडून आलो.

दरवर्षी जानेवारीत हरदासबाबूंना अभिवादन करायला माणसे जमतात. त्या व्यासपीठावर भाषणे होतात, हार पडतात, प्रत्येक गटाचा पुढारी दोन शब्द बोलतो. या खेपेला तिथे एक ठराव मांडावा, अशी आमची सूचना आहे. विडीच्या विक्रीवर पूर्वीसारखा उपकर लावून कल्याण निधी पुन्हा उभा करावा. जीएसटीतल्या सवलतीचा ठरावीक वाटा मजुरीत द्यावा. सट्टेदाराकडच्या प्रत्येक बाईची नोंद मूळ कारखान्याच्या नावावर व्हावी. माल नाकारण्याची मर्यादा राज्याच्या नव्या नियमांत स्पष्ट लिहिली जावी. चाळिशीच्या आतल्या बायांना दुसऱ्या धंद्यात जाण्यासाठी सरकारने भांडवल द्यावे. आणि बंडलावरचे चित्र आहे तेवढेच राहावे. या ठरावाखाली जो पुढारी सही करणार नाही, त्याला लोकांनी तिथल्या तिथे कारण विचारावे. मालकाने टाइप केलेल्या कागदावर त्याची सही आधीच असेल, तर तीही त्याच मंडपात वाचून दाखवावी.